गुरुवारचा खिसा

नसीम, तुझं कार्ड मी 'झालं'च्या डब्यात टाकलं. ज्या कामात आपण दोघी स्वतःला लई हुशार समजत होतो, त्याच कामात ही चूक झाली, आणि ती लक्षात आल्याबरोबर माझा हात फोनकडे गेला तो तुलाच विचारायला.

तू जाऊन महिनाही झालेला नाही. लातूरच्या ऑफिसात तुझी शोकसभा झाली. साहेब म्हणाले, 'शांत, सोशिक, मनमिळाऊ कार्यकर्ती.' तू आणि शांत! मी सवयीनं शेजारी बघितलं, तुला हसू फुटलं असणार म्हणून पायावर पाय द्यायच्या तयारीत, तर शेजारच्या खुर्चीवर कुणाची तरी पर्स होती. नंतर चहा झाला. तुझा हार घातलेला फोटोही कुठल्यातरी मेळाव्यातला, इस्त्रीच्या ओढणीतला, मान सरळ केलेला. त्या बाईला मी ओळखत नाही. म्हणून हे लिहिते आहे. तुझा जन्म कधीचा, शिक्षण किती, ते तिथं सांगून झालंय.

आपलं काम काय, हे लोकांना सांगताना आपली कायम तारांबळ उडायची. देवणीच्या आसपासच्या खेड्यांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळा, आणि त्यात आपण 'सोबती ताई'. ज्या लेकराला ऐकू कमी येतं, ज्याचा हात लिहिताना वळत नाही, ज्याला शब्द सापडत नाहीत, त्याच्या शेजारी सतरंजीवर बसायचं आणि वर्गात चाललेलं त्याच्यापर्यंत पोचवायचं. माझी आई किल्लारीत शेजारणींना सांगते, 'मास्तरीणच हाय, पर फळ्याजवळ उभी ऱ्हात न्हाई.' तुझे अब्बा दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना सांगायचे, 'मागं बसनाऱ्या लेकरांची मॅडम हाय आमची नसीम.' मला अब्बांचं जास्त बरोबर वाटायचं.

आपली ओळख नांदेडच्या प्रशिक्षणातली. डोळ्यांवर पट्टी बांधून जेवायचा प्रयोग होता. बाकी सगळ्यांनी दोन घास खाल्ले आणि हसत पट्ट्या सोडल्या. तू पट्टी तशीच ठेवून सगळं ताट संपवलंस, वर पाणी मागितलंस, आणि पाणी देणारी मी होते. तू म्हणालीस, 'कोन हाय माहीत न्हाई, पर गिलास हातात द्या, समोर ठेवू नका.' मला तेव्हाच तुझा थोडा राग आला होता. तो राग पुढं कधी पूर्ण गेला नाही, आणि त्याच्याशिवाय आता करमत नाही.

देवणीत मी तुमच्याच गल्लीत खोली घेतली. सकाळी तुझी स्कूटी, मागं मी. वाटेवरच्या शाळा आपण वाटून घेतल्या होत्या. मला एका शाळेवर उतरवून तू पुढं जायचीस, संध्याकाळी घ्यायला यायचीस. वैष्णवीच्या शाळेत सोमवारी मी आणि गुरुवारी तू. दोन वेगळ्या माणसांची सवय तिला लागली पाहिजे, हा तुझा हट्ट. तो किती उपयोगाला येणार आहे हे तेव्हा दोघींपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

वैष्णवी पहिल्यांदा भेटली तेव्हा ती टेबलाखाली होती. घंटा वाजली की किंचाळायची, प्रार्थना संपली की किंचाळायची, वर्ग बाहेर निघाला की भिंतीवर डोकं आपटायची. तिच्या वर्गाचे सर भले माणूस, पण टेकीला आले होते. मी म्हणाले, आधी लातूरला डॉक्टरांना दाखवू. तू म्हणालीस, दाखवू की, आणि दुसऱ्या दिवशी तिच्याच जागेवर, तिच्यासारखे गुडघे पोटाशी घेऊन, शाळा सुटेपर्यंत बसलीस. पोरं फिदीफिदी हसली. मला लाज वाटली. ही तुझी खोडच होती, कुठल्याही लेकराचा विचार करायचा तर आधी त्याच्या जागेवर बसून बघायचं. संध्याकाळी स्कूटीवर म्हणालीस, 'अगं रोहे, तिथून फळा दिसतच न्हाई. पंख्याची सावली तेवढी दिसतीय. अन् आता पुढं काय होनार ते कुनी सांगतच न्हाई. मी असते तर मी बी किंचाळले असते.'

'तू तशीही किंचाळतेसच,' मी म्हणाले.

'हाव, म्हनून तर मला कळलं.'

डॉक्टरांनी नंतर सांगितलं, स्वमग्न आहे. तोवर अब्बांच्या मशीनवर पट्ट्या तयारही झाल्या होत्या. अब्बांचं शिलाईचं दुकान, गणवेशाच्या कापडाचे तुकडे उरायचेच. सोमवार ते शनिवार, प्रत्येक वाराची एक लांब पट्टी, प्रत्येक पट्टीवर वरून खाली ओळीनं खिसे. खिशात फोटोचं कार्ड. प्रार्थना, पाटी, सोबती ताई, जेवण, खेळ, घर. सकाळी आल्याबरोबर वैष्णवीनं डब्यातली कार्डं काढायची आणि त्या वाराच्या पट्टीत एकेक लावायची. एक काम संपलं की आपल्या हातानं ते कार्ड काढायचं, डब्यात टाकायचं आणि म्हणायचं, 'झालं.' मग पुढचा खिसा. डबा श्रीखंडाचा होता. झाकणाला फट पाडताना तुझं बोट कापलं आणि तू ते दिवसभर मला दाखवत हिंडलीस.

कार्डावरचा तुझा फोटो मी काढला होता. त्यात तुझा एक डोळा मिटलेला आहे आणि तोंडात चिंच आहे. चांगला फोटो काढून कार्ड बदलायचं तू ठरवलंस, तेव्हा वैष्णवीनं नवं कार्ड तुझ्या अंगावर फेकलं. तिच्या लेखी नसीम ताई म्हणजे एक डोळा मिटलेली बाई. मग तेच राहिलं.

किंचाळणं एकदम थांबलं असं नाही. पण पुढं काय आहे हे तिला भिंतीवर दिसायला लागलं. गुरुवारी पाटी झाली की ती तुझ्या खिशावर बोट ठेवायची, चपला घालायची आणि वर्गाच्या पायरीवर जाऊन बसायची. तुझी स्कूटी वळणावर दिसली की उठून फाटकापर्यंत चालत यायची. तिनं कुणाला घ्यायला जाणं ही केवढी गोष्ट होती, ते तिच्या आईला विचारावं. तिची आई शाळेतच खिचडी शिजवते. ती चुलीपाशी उभी राहून बघायची आणि भाताकडे लक्ष नाही म्हणून सरांची बोलणी खायची.

आता आपल्या भांडणाचं. ते अर्धं राहिलंय, आणि एकटीनं पुरं करता येत नाही.

वैष्णवीचे आजोबा गेले, आणि घरच्यांनी तिला सांगितलं, आजोबा गावाला गेलेत. ते रोज संध्याकाळी शेतातून आले की वैष्णवी पायरीवर पाण्याचा तांब्या ठेवायची, त्यांनी पाय धुवायचे, हा त्या दोघांचा रिवाज. आजोबा गेल्यावरही ती तांब्या ठेवतच राहिली. तिच्या आईनं हे आपल्याला चुलीपाशी सांगितलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तुझ्या कपाळाला आठी पडली.

परत येताना तू स्कूटी सोयाबीनच्या रानाच्या कडेला थांबवलीस. 'किती दिवस फसवायचं गं त्या पोरीला? रोज सांजच्याला ती तांब्या भरून ठेवायलीय.'

'फसवायचं काय त्यात? लहान आहे ती. आणि तो त्यांच्या घरातला मामला आहे.'

'लहान हाय म्हनून वाट बघायला लावायची व्हय?'

मी माझं नेहमीचं सांगितलं. आम्ही किल्लारीची भूकंपानंतर जन्मलेली पोरं. नव्या गावात, एकसारख्या घरांच्या रांगांत वाढलो. कुणाच्या घरातलं कोण गेलं, हे मोठी माणसं आमच्यासमोर बोलत नसत. आम्ही आलो की विषय बदलायचा. आईच्या धाकट्या बहिणीचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते दहावीला असताना, तेही दुसऱ्याच कुणाच्या तोंडून. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. न सांगणं ही आमच्याकडे माया करायची रीत होती, आणि त्या मायेतच आम्ही धडधाकट वाढलो.

तू ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, 'पर घरात कुनीतरी कमी हाय, हे तुला कळत होतं का न्हाई?'

कळत होतं. आई वाढता वाढता मधेच थांबायची, ते कळत होतं. पण तुझ्यापुढं हार मानायची माझी पद्धत नव्हती. मी म्हणाले, 'बरं, सांगायचं. कसं सांगशील? तिला शब्द पुरत नाहीत. मग चित्र काय काढशील? आता कधीच नाही, ह्याचा फोटो कसा असतो, ते सांग मला.'

तू गप्प झालीस. तू गप्प झाल्याचं मला बरं वाटलं, हेही सांगून टाकते. मग स्कूटी चालू केलीस आणि हेल्मेटमधून ओरडलीस, 'ते मला बी माहीत न्हाई. शनिवारी अब्बाच्या दुकानात बसू. कापडातूनच काहीतरी निघंल.'

शनिवारी तुला ताप होता. मी दारातून विचारलं, तू आतून म्हणालीस, 'सोमवारी बघू, तू जा.' मग लातूरचा दवाखाना, मग अब्बांचा फोन. मी जीपमधे होते. अब्बा एवढंच म्हणाले, 'बेटा, अपनी नसीम चली गई.' जीपवाल्यानं गाणं लावलेलं होतं. ते बंद करा म्हणायलाही मला सुचलं नाही.

तुमच्या घरी बायका आत बसल्या होत्या. तुझ्या अम्मीनं मला जवळ ओढून बसवलं. पुरुष तुला घेऊन निघाले आणि आम्ही दारातच राहिलो. मी गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत बघितलं. पुढं रस्ता वळतो. त्याच्या पुढचं मी काही बघितलेलं नाही, आणि कदाचित म्हणूनच माझ्या डोक्यात तू अजून त्या कोपऱ्याच्या पलीकडं कुठंतरी आहेस, स्कूटीत पेट्रोल भरायला थांबलेली.

आता मी काळी-पिवळी जीपनं जाते. स्कूटी शीक म्हणून तू कटकट करायचीस आणि मी म्हणायचे, 'तू आहेस ना.' ती तुमच्या अंगणात झाकून उभी आहे. अब्बा म्हणाले, 'घेऊन जा, शिकून घे.' मी मान हलवली आणि विषय बदलला. जीपमधे माणसं खच्चून भरलेली असतात आणि माझ्याशी कुणी बोलत नाही. परवा एका पोरानं मला 'ब' लिहून दाखवला. तोच पोरगा, ज्याला आपण वाळूत बोट फिरवायला शिकवत होतो. मी जीपमधे बसले आणि तोंड उघडलं, 'अगं—' म्हणून. शेजारची म्हातारी माझ्याकडं बघायला लागली. मी म्हणाले, काही नाही, मावशी.

मंगळवारी दुपारी तू माझ्या शाळेवर जेवायला यायचीस, म्हणून त्या दिवशी डबा मी अजूनही उशिरा उघडते. तुझ्या डब्यात खिचडी आणि चिंचेचा आंबट खट्टा असायचा, आणि माझी भाकरी तू न विचारता उचलायचीस. तेव्हा मी चिडायचे. आता भाकरी पुरून उरते.

आणि मग तो पहिला गुरुवार. तुझ्याऐवजी मी गेले. सरांनी मुलांना आधीच सांगून टाकलं होतं, नसीम मॅडम गावाला गेल्यात. मी त्यांना काही म्हणाले नाही. आमच्या किल्लारीत कुणी वेगळं सांगितलं असतं? वैष्णवी पायरीवर बसली होती, चपला घालून. मला बघून उठली नाही. गुरुवारी मी येत नसते. मी तिला हाताला धरून आत आणलं, तुझ्या खिशातलं कार्ड तिच्याच हातानं काढलं, डब्यात टाकलं आणि म्हणाले, 'नसीम ताई झालं.' ती म्हणाली, 'झालं.' चपला काढल्या आणि जेवायला बसली. मला वाटलं, किती शहाणं लेकरू, समजलं हिला. सरांनाही तसं सांगितलं. जीपमधे मी ओढणीत तोंड घालून रडले आणि त्या रडण्यात थोडं समाधान होतं.

पुढच्या गुरुवारी गेले तर तुझं कार्ड खिशात, चपला पायात, आणि वैष्णवी पायरीवर.

तुला एका क्षणात कळलं असतं. मला पायरीपाशी उभं राहून कळलं. डब्यात गेलेलं सगळं परत येतं, हे तिला आपणच शिकवलं होतं. प्रार्थना झालं, आणि उद्या पुन्हा प्रार्थना. जेवण झालं, उद्या पुन्हा जेवण. नसीम ताई झालं, म्हणजे पुढच्या गुरुवारी नसीम ताई. ती आपल्या हातानं तुला डब्यातून काढून खिशात लावून वाट बघत होती, अगदी आपण शिकवल्यासारखी. मी तिला वाट बघायला बसवून जीपमधे रडले होते. त्या दिवशी शाळा सुटेपर्यंत तिनं पायरी सोडली नाही. आईनं ताट पायरीवर आणलं, तर ताट ढकलून दिलं.

शनिवारी मी अब्बांच्या दुकानात गेले. गुरुवारची पट्टी पिशवीत होती. घराच्या पुढच्या खोलीतलं ते दुकान उघडं होतं, मशीनवर कापड टाकलेलं होतं, आणि अब्बा कुणाच्या तरी शर्टाला हातानं बटन लावत होते. मी सगळं सांगितलं. आजोबांचा तांब्या, आपलं भांडण, डबा, पायरी. त्यांनी मधे एकदाही मान वर केली नाही. मग पट्टी मांडीवर घेतली.

'खिसाच काढून टाकू का?'

'काढला तर ती शोधत बसेल, अब्बा. जागा राहायला पाहिजे. कार्डही पाहिजे. फक्त ते निघायला नको.' आणि मी बोलून गेले, 'त्याचं तोंड शिवून टाकता का?'

बोलून गेल्यावर मला कळलं, मी कुणाला काय सांगते आहे. अब्बांनी माझ्याकडं हात पुढं केला. मी कार्ड दिलं. ते कितीतरी वेळ बघत राहिले. एक डोळा मिटलेला, तोंडात चिंच.

'हा फोटो कुनी काढला?'

'मी.'

'लई वाईट काढलीस, बेटा.'

आम्ही दोघं हसलो. तुझ्या घरात त्यानंतर पहिल्यांदा कुणी हसलं असेल, कारण आतून अम्मी दारापर्यंत येऊन गेल्या. मग अब्बांनी मशीनवरचं कापड काढलं, कार्ड खिशात सरकवलं, वरून हात फिरवून सरळ केलं आणि पाय चालवला. तेवढासा खिसा, काय वेळ लागणार? त्यांनी पट्टी फिरवून पुन्हा सुईखाली घातली. दोरा तोडून माझ्या हातात देताना म्हणाले, 'दोन शिलाया मारलो. एकीनं उसवतंय, लेकरांच्या हातानं.'

नसीम, तू जे कापडातून काढणार होतीस ते हेच होतं का, मला माहीत नाही. कदाचित तू ह्याहून बरं काही काढलं असतंस. पण ते तुझ्याच अब्बांच्या हातानं करून घ्यावं लागेल, हे तुझ्याही डोक्यात आलं नसतं. मला तुझा त्या दिवशी फार राग आला. हे काम तुझं होतं.

पुढचा गुरुवार. मी सकाळी घंटेआधीच जाऊन पट्टी खिळ्यावर लावली. वैष्णवीनं डबा उघडला, एकेक कार्ड लावलं, आणि तुझं सापडेना. डबा पालथा केला. सतरंजी उचलून बघितली. मग खिशाला हात लागला. आत तू आहेस हे तिच्या बोटांना कळलं. तिनं वरून बोट घातलं, जाईना. नखानं ओरबाडलं. दातानं ओढलं. आणि मग किंचाळली, पहिल्या दिवसांसारखी, टेबलाखाली जाऊन. सर उठले, मी त्यांना हातानंच थांबवलं. तिची आई पळी हातात घेऊन धावत आली. मी वैष्णवीसमोर जमिनीवर बसले, तू बसली असतीस तशी, आणि म्हणाले, 'नसीम ताई मेली. आता येणार नाही.'

हा शब्द मी तोवर उच्चारला नव्हता. आईशी बोलताना नाही, अम्मींशी नाही, आरशात बघूनही नाही. सगळीकडं मी 'गेली' म्हणत होते. पण वैष्णवीच्या लेखी गेलेलं माणूस परत येतं. तिच्यासाठी मला तो शब्द तोंडातून काढावा लागला, आणि तो माझ्याच कानावर पडला.

तिच्या आईला मी नंतर विचारलं, घरी आजोबांचंही असंच करू या का. तू हेच विचारलं असतंस, म्हणून विचारलं. तिनं घासलेलं पातेलं पालथं घातलं. मग म्हणाली, 'सांगा ताई, तिला सांगा. तुमचं बरोबर हाय. पर तांब्या मी उचलनार न्हाई. ती ठेवंल तवर ठेवू द्या. सकाळी ते पानी मी जास्वंदीला घालती.' आता बोल. तुझ्याकडं ह्याचं उत्तर आहे? मला वाटलं, अर्धा वाद तू जिंकलीस आणि अर्धा तिनं जिंकला, माझ्याकडं काही उरलं नाही. तुझ्याशी भांडायला मला एक संध्याकाळ पाहिजे होती, देवणीच्या अलीकडच्या त्या रस्त्यावर, स्कूटीच्या मागं, वाऱ्यात ओरडून.

आणि तुला धन्यवाद म्हणायचं राहिलंच. ते तू असताना म्हटलं असतं तर तू चारचौघांत माझी नक्कल केली असतीस.

पण त्या गुरुवारचं शेवटचं सांगायचं राहिलं. किंचाळून थकल्यावर वैष्णवी टेबलाखालून निघाली, खिळ्यावरची पट्टी काढून घेतली, चपला घातल्या आणि पायरीवर जाऊन बसली. मी तिच्या शेजारी बसले. पट्टी मांडीवर, अंगठा खिशावर. कापडाच्या आतल्या कार्डाची कड ती अंगठ्यानं चाचपत होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आणि पुन्हा मागं. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. एक मोटारसायकल गेली. वळणावर काही आलं नाही. मग तिनं चपला काढल्या, एकाशेजारी एक नीट ठेवल्या आणि आत गेली.

मी उठले नाही. खरं सांगते, मी वळणाकडं बघत होते. सगळ्या शाळेला ठाऊक होतं, तिला ठाऊक झालं होतं, तिच्यासमोर तो शब्द मीच उच्चारला होता, आणि तरी स्कूटीच्या आवाजासाठी माझे कान तिकडंच लागले होते. आत ताटांचा आवाज सुरू झाला. मला कुणी हाक मारली नाही.

थोड्या वेळानं माझ्या मनगटाला हिसका बसला. वैष्णवी होती. ती कुणाच्या अंगाला आपणहून हात लावत नाही, तुला माहीत आहे. तिनं पट्टी माझ्या तोंडासमोर धरली आणि तुझ्या खिशाखालच्या खिशावर बोट ठेवलं. तिथं भाताच्या ताटाचं कार्ड होतं. मी बघत राहिले तर तिनं पुन्हा बोट आपटलं, जोरात. मग मला ओढत नळापाशी नेलं, तोटी उघडली आणि माझे हात पाण्याखाली धरले.